औषध मारलेले लाकूड : गैरसमज आणि वस्तुस्थिती

वाळवी, भुंगेरे आणि बुरशी यांपासून लाकूड वाचावे म्हणून बंद टाकीत दाबाखाली त्याच्या आत खोलवर रसायन मुरवले जाते आणि अशा लाकडाला व्यवहारात ‘औषध मारलेले लाकूड’ म्हणतात. अशा परिरक्षकांपैकी, म्हणजे लाकूड टिकवणाऱ्या रसायनांपैकी, जगभर पसरलेले एक मिश्रण तांबे, क्रोमियम आणि आर्सेनिक (सोमल हे ज्याचे जुने परिचित विष) यांचे असून डेहराडूनच्या वन संशोधन संस्थेत सोंती कामेसन यांनी ते १९३३ मध्ये तयार केले. ‘एस्कू’ या नावाने ते भारतात ओळखले गेले. दुसरे परिरक्षक म्हणजे क्रिओसोट, दगडी कोळशाच्या डांबरापासून निघणारे काळपट तेल, जे रेल्वेच्या लाकडी स्लीपरांत मुरवले जात असे.

या लाकडाविषयीचा सर्वांत घातक गैरसमज असा की, आगीत विषही जळून जाते. वस्तुस्थिती याच्या नेमकी उलट आहे. आर्सेनिक हे मूलद्रव्य आहे. आग त्याचे संयुग बदलू शकते, त्याला नष्ट करू शकत नाही, त्यामुळे त्याचा काही भाग धुरावाटे हवेत जातो आणि उरलेला राखेत साठतो. जमिनीत रोवायच्या लाकडात अमेरिकी मानकानुसार घनमीटरमागे सुमारे ६.४ किलो परिरक्षक मुरवले जाते आणि त्यात शुद्ध आर्सेनिकच जवळपास १.४ किलो भरते. तेवढे लाकूड जाळल्यावर राख मात्र अवघी काही किलो उरते, म्हणजे जे विष घनमीटरभर लाकडात विखुरलेले होते तेच मूठभर राखेत दाटते. ज्या घरांत बंबाची किंवा चुलीची राख भांडी घासायला, राखुंडी म्हणून दात घासायला किंवा परसातील अळू-मिरचीच्या वाफ्यात घालायला वापरली जाते, तेथे हा धोका थेट तोंडापर्यंत आणि ताटापर्यंत पोहोचतो.

दुसरा समज रंगाचा आहे. नव्या लाकडावरची हिरवट छटा तांब्यामुळे येते आणि ऊनपावसात ती विटून लाकूड इतर जुन्या लाकडासारखेच करडे दिसू लागते. पण रंग उडाला म्हणजे औषध उतरले असे नव्हे, ते आत तसेच असते. क्रिओसोटचेही तसेच आहे, वास मंदावला तरी त्यातील कर्करोगजनक संयुगे लाकडात राहतात आणि उन्हात तापलेल्या जुन्या स्लीपरातून काळा चिकट द्रव पाझरताना दिसतो. म्हणून भंगारातून स्वस्तात मिळालेल्या स्लीपरांचे बाक किंवा पलंग घरात आणणे योग्य नाही.

याउलट, अशा लाकडाला नुसता हात लागला तरी विषबाधा होते, ही भीती मात्र अतिरंजित आहे. प्रक्रियेनंतर काही दिवस ते नीट मुरू दिले की रसायनाचा बहुतेक भाग लाकडाच्या तंतूंना घट्ट बांधला जातो. अमेरिकेत २००३ च्या अखेरीपासून घरगुती बांधकामाच्या लाकडात आर्सेनिकचे हे मिश्रण वापरणे थांबले, परंतु आधी बांधलेले ओटे आणि कुंपणे उखडून टाकण्यास सांगण्यात आले नाही. पृष्ठभागावरचा थोडा अंश हाताला लागू शकतो, म्हणून हात धुणे आणि त्यावर अन्न न ठेवणे पुरेसे ठरते.

खरा धोका कामाच्या वेळी, करवत आणि रंधा चालताना उडणाऱ्या भुशात असतो. साध्या रुमालाने तो अडत नाही; एन-९५ मुखपट्टी, चष्मा आणि हातमोजे वापरून, मोकळ्या जागेत, खाली ताडपत्री अंथरून काम करावे आणि कामाचे कपडे वेगळे धुवावेत. जमलेला भुसा गोठ्यात, कोंबड्यांखाली किंवा कंपोस्टमध्ये टाकू नये, कारण तेथून तो खतावाटे मातीत जातो.

विल्हेवाटीबाबत पहिला विचार पुनर्वापराचा असावा : कुंपणाचा खांब पुन्हा कुंपणालाच लावावा, मात्र विहिरीजवळ वा भाजीच्या वाफ्याला नव्हे. निरुपयोगी तुकडे ओल्या कचऱ्यात न मिसळता वेगळे बांधून, त्यात काय आहे हे सांगून स्थानिक कचरा यंत्रणेकडे द्यावेत. कारखान्यांनी आणि मोठ्या कंत्राटदारांनी ते तळोजा, रांजणगाव किंवा बुटीबोरी येथील घातक कचरा प्रकल्पांसारख्या अधिकृत ठिकाणीच पाठवावेत. आणि होळीसाठी दारोदार लाकडे गोळा करणाऱ्या मंडळांनी हिरवट खांब, काळे स्लीपर किंवा ज्याचा पूर्वेतिहास कोणालाच सांगता येत नाही असे बांधकामाचे लाकूड होळीत टाकू नये.