वेबसाईट शिकायला कॉलेज कशाला?

२०२४ च्या जून महिन्यातली सकाळ. बंगळूरच्या मॅजेस्टिक भागात रात्रभर धावून आलेल्या बसगाड्या एकामागून एक रिकाम्या होत होत्या. बॅगा, पिशव्या, अंथरुणाच्या वळकट्या आणि हातात कागदपत्रांची फाईल घट्ट धरलेले पालक. दरवर्षी या दिवसांत हे दृश्य ठरलेले असते. त्या गर्दीत मी निपाणीच्या एका लांबच्या काकांची वाट पाहत उभी होते. त्यांच्या धाकटीला बी.सी.ए.ला घालायचे होते.

निदान फोनवर तरी तसेच ठरले होते. चहाच्या टपरीवर पहिला घोट घेतल्याबरोबर काकांनी खिशातून घडी घातलेली एक जाहिरात काढली. सहा महिन्यांत वेब डेव्हलपर व्हा, नोकरीची हमी! ते म्हणाले, "अगं, तू इथं राहतेस, तूच सांग. वेबसाईट करायला सहा महिन्यांत येतं म्हणतात. मग तीन वर्षं कॉलेजची फी, पी.जी.चं भाडं, खाणावळ, हे सगळं कशासाठी? भुसार मालाच्या दुकानावर चाललेलं घर आहे आमचं."

धाकटी गप्प होती. आदल्या रात्रीचे तिकीट तिनेच मोबाईलवर काढले होते, खिडकीजवळची जागा बघून.

काकांचा प्रश्न एकट्या काकांचा नव्हे. कॉम्प्युटरची आवड असलेले मूल ज्या ज्या घरात आहे, त्या प्रत्येक घरात आज हा प्रश्न आहे, आणि तो चुकीचाही नाही. वेबसाईट बनवण्याची विद्या घरबसल्या शिकता येते, हे शंभर टक्के खरे आहे. लागणारे सगळे साहित्य इंटरनेटवर फुकट आहे. मुंबईच्या आय.आय.टी.च्या 'स्पोकन ट्यूटोरियल' उपक्रमात तर पीएचपीसारख्या विषयाचे धडे चक्क मराठी आवाजात ऐकायला मिळतात. महाराष्ट्रात अकरावी-बारावीला माहिती तंत्रज्ञान हा विषय घेणारी मुले शाळेच्या पुस्तकातूनच एचटीएमएल आणि जावास्क्रिप्टपर्यंत पोहोचतात. मग कॉलेजने वेगळे काय द्यायचे?

ज्यांनी वेब घडवले

ज्यांनी वेब जन्माला घातले ते वेब शिकायला कुठल्याही कॉलेजात गेले नव्हते, कारण तसे कॉलेजच नव्हते. टिम बर्नर्स-ली यांनी १९८९ मध्ये जिनिव्हाजवळच्या 'सर्न' या संशोधन संस्थेत वेबची कल्पना मांडली. त्यांची पदवी होती ऑक्सफर्डची, भौतिकशास्त्राची. आपल्याकडे सामान्य माणसासाठी इंटरनेट १५ ऑगस्ट १९९५ रोजी विदेश संचार निगमने सुरू केले. तेव्हा ज्यांनी पहिली पाने रचली ते असेच चाचपडत, एकमेकांना विचारत शिकले.

बंगळूरचे उदाहरण तर आणखी जवळचे आहे. २००५ च्या दिवाळीत फणींद्र सामा या तरुण इंजिनीयरला हैदराबादला घरी जायचे होते. एजंटांच्या दुकानांतून वणवण करूनही बसचे तिकीट मिळाले नाही. कुठल्या गाडीत कुठली जागा रिकामी आहे, हे एका एजंटला माहीत तर दुसऱ्याला नाही, असा सगळा कारभार. त्या चिडीतून दोन मित्रांना बरोबर घेऊन त्याने २००६ मध्ये 'रेडबस' सुरू केली. तिघेही पिलानीच्या बिट्स कॉलेजचे. सामा यांचे शिक्षण इलेक्ट्रॉनिक्सचे आणि नोकरी टेक्सास इन्स्ट्रुमेंट्समध्ये. वेबचा धडा कॉलेजात गिरवलेला नव्हता, तो त्यांनी नंतर स्वतः शिकून घेतला.

हे ऐकून काकांचा चेहरा खुलला. "बघ! म्हणजे कॉलेज लागत नाहीच."

इथेच आपली फसगत होते. सामा वेब शिकले नव्हते, पण बिट्समध्ये चार वर्षे काहीच शिकले नव्हते असे कोण म्हणेल? बर्नर्स-ली यांनी भौतिकशास्त्र केले म्हणजे ते अशिक्षित नव्हते. दोघांकडेही पाया होता. त्यावर वेबची भिंत त्यांनी नंतर चढवली.

बारा नंबरची सीट

पाया म्हणजे नेमके काय, हे मी काकांना त्यांच्याच तिकिटावरून सांगायचा प्रयत्न केला. समजा, बसमधली बारा नंबरची खिडकीची जागा रिकामी आहे. निपाणीत धाकटी ती जागा बघते आहे आणि त्याच क्षणी बेळगावात दुसरा कोणीतरी बघतो आहे. दोघांनी एकदमच बटण दाबले. दोघांचेही पैसे बँकेतून गेले. आता जागा कोणाची?

तिकिटाचे पान रंगीत आणि देखणे बनवणे सहा महिन्यांत येते, कधी सहा आठवड्यांतही येते. पण एकाने जागेला हात लावताच ती दुसऱ्यासाठी तेवढा वेळ बंद व्हावी, पैसे भरताना मध्येच वीज गेली तर अर्धवट झालेला व्यवहार आपोआप मागे फिरावा, हे पानाच्या रंगरूपावरून ठरत नाही. ते ठरते आतल्या डेटाबेसवर. कॉलेजात या विषयाच्या तासाला व्यवहाराचे म्हणजे ट्रॅन्झॅक्शनचे नियम शिकवतात तेव्हा मुले जांभया देतात, कारण फळ्यावर नुसत्या चौकटी आणि बाण असतात. त्या चौकटींतच ती बारा नंबरची सीट बसलेली असते, एवढे मात्र बऱ्याच प्राध्यापकांना सांगायचे सुचत नाही.

दहावी-बारावीच्या निकालाच्या दिवशी दुपारी एकच्या सुमाराला घरोघरी काय होते, ते आठवा. पान उघडत नाही, चक्र फिरत राहते, मूल रडवेले होते. कालपर्यंत हीच वेबसाईट नीट चालत होती ना? फरक एवढाच की काल तिच्याकडे शंभर माणसे आली होती आणि आज लाखो एकदम आली आहेत. गर्दी कशी वाटून द्यायची, वारंवार विचारले जाणारे उत्तर हाताशी कसे ठेवायचे, कोणाला रांगेत थांबवायचे, ही ऑपरेटिंग सिस्टम आणि नेटवर्क या विषयांची कामे. नावे रुक्ष आहेत, पण ऐन वेळी हीच उपयोगी पडतात.

आणि हे शिकून आलेल्यांचीही परीक्षा होतेच. फ्लिपकार्ट २००७ मध्ये बंगळूरमध्येच सुरू झाली आणि तिचे दोन्ही संस्थापक दिल्ली आय.आय.टी.चे इंजिनीयर. ६ ऑक्टोबर २०१४ रोजी कंपनीने मोठी सवलत-विक्री ठेवली. जवळजवळ ५,००० सर्व्हर लावले होते आणि नेहमीच्या वीसपट गर्दीची तयारी होती. तरीही वेबसाईट कोलमडली, लोकांच्या ऑर्डरी रद्द झाल्या आणि दुसऱ्याच दिवशी दोघा संस्थापकांनी ग्राहकांची जाहीर माफी मागितली. पुढच्या वर्षांत अशाच विक्रीला ती वेबसाईट उभी राहिली ती पान आणखी सुंदर केल्यामुळे नव्हे. आतली यंत्रणा पुन्हा बांधायला घेतली, तेव्हा ते जमले.

सहा महिन्यांचा कोर्स वाईटच असतो का?

मुळीच नाही. पुण्याची 'सी-डॅक' ही सरकारी संस्था परम महासंगणकामुळे मराठी घरांत पहिल्यापासून माहितीची आहे. तिचा सुमारे सहा महिन्यांचा पदव्युत्तर डिप्लोमा नव्वदच्या दशकापासून मुलांना नोकऱ्या मिळवून देत आला आहे. त्यात वेब प्रोग्रामिंग चांगले कसून शिकवतात, आणि तो पुण्याप्रमाणे बंगळूरच्या केंद्रातही चालतो. पण त्याला प्रवेश कोणाला मिळतो? सी-कॅट ही प्रवेश परीक्षा देऊन मिळणाऱ्या या प्रवेशाला पदवी लागते. म्हणजे सहा महिन्यांत माणूस तयार होतो खरा, पण त्याआधीची तीन-चार वर्षे त्या हिशेबात धरलेली नसतात. काकांच्या जाहिरातीतला क्लास बारावीच्या मुलीला तेच वचन पदवीशिवाय देत होता. शिवाय फीसाठी फायनान्स कंपनीचे कर्ज मिळवून देण्याची सोयही छापली होती. नोकरीची हमी मोठ्या अक्षरांत आणि तिच्या अटी मुंगीएवढ्या अक्षरांत, हे वेगळे सांगायला नको.

पदवीवाचूनचा रस्ता नाहीच, असेही नाही. चेन्नईची झोहो कंपनी सुमारे वीस वर्षांपूर्वीपासून बारावी किंवा डिप्लोमा झालेल्या निवडक मुलांना आपल्या शाळेत घेऊन, फी घेण्याऐवजी उलट विद्यावेतन देऊन शिकवते आणि कामाला लावते. जो शिकवतो तोच नोकरी देतो, म्हणून तिथे हमीला अर्थ आहे. एरवी मोठ्या कंपन्यांच्या दारावर पहिली चाळणी पदवीचीच लागते. विप्रोसारखी बंगळूरची कंपनी बी.सी.ए., बी.एस्सी. झालेल्या मुलांना नोकरी करता करता एम.टेक. करायची संधी देते, पण त्यासाठी आधी ते बी.सी.ए. हवे. उद्या परदेशी जायचे मनात आले तर अमेरिकेच्या एच-१बी व्हिसालाही साधारणपणे पदवी किंवा तिच्या तोडीचा अनुभव दाखवावा लागतो. कागदाला किंमत नाही असे म्हणणारे बहुधा तो कागद आधीच मिळवून बसलेले असतात.

अलीकडे आणखी एक गोष्ट घडली आहे. २०२२ च्या अखेरीस चॅट-जीपीटी आले. त्याच्यासारखी साधने आता साधे वेबपान मिनिटाभरात लिहून देतात. म्हणजे सहा महिन्यांच्या क्लासात जे शिकवतात, नेमके त्याच कामाची मजुरी घसरते आहे. यंत्राने लिहिलेल्या त्या शंभर ओळींत चूक कुठे आहे, बारा नंबरची सीट दोघांना विकली जाणार की नाही, हे ओळखणारा माणूस मात्र हवाच आहे.

कॉलेज तरी कुठले?

कॉलेजांची भलामण करायला मी बसलेली नाही. अभ्यासक्रम हळू हलतात. बंगळूरची बहुतेक इंजिनीयरिंग कॉलेजे ज्या विश्वेश्वरय्या तंत्रज्ञान विद्यापीठाखाली येतात, त्याचे मुख्यालय आपल्या बेळगावात आहे. तिथल्या कॉम्प्युटर शाखेच्या २०१८ च्या आराखड्यात वेबचा मुख्य विषय थेट सहाव्या सत्रात होता, त्यात पीएचपी शिकवत. २०२१ च्या आराखड्यात त्या जागी फुल स्टॅक डेव्हलपमेंट आणि जँगो आले. बदल चांगला, पण चार वर्षांतले हे एवढेसे वेब. म्हणून कॉलेज वेब शिकवील या आशेवर थांबणाऱ्या मुलाचे नुकसानच होते. पाया कॉलेजने द्यावा आणि वेब मुलाने पहिल्या महिन्यापासून आपले आपण करत राहावे, अशीच ही वाटणी आहे.

सर्वांत वाया जाते ते शेवटच्या वर्षाचे प्रोजेक्ट. बंगळूरमध्ये तयार प्रोजेक्ट विकणारी दुकाने आहेत. पैसे मोजा, सीडी-पेनड्राइव्ह आणि बाइंड केलेला अहवाल घेऊन जा. चार मित्रांनी एकत्र बसून, भांडून, चुकत चुकत काहीतरी उभे करण्याची कॉलेजातली हीच एक संधी असते, आणि मुले तीच विकत घेऊन मोकळी होतात.

म्हणून पालकांनी कॉलेज बघायला गेल्यावर इमारतीचा काचेचा दर्शनी भाग बघत बसू नये. प्रयोगशाळा मुलांना तासांव्यतिरिक्त किती वेळ उघडी असते, ते विचारावे. गेल्या वर्षीच्या दोन-तीन मुलांना गाठून त्यांचे प्रोजेक्ट दाखवायला सांगावे. आणि एक गमतीचा, पण हमखास उपाय म्हणजे कॉलेजची स्वतःची वेबसाईट मोबाईलवर उघडून बघावी. सूचनांच्या फलकावर तीन वर्षांपूर्वीची सूचना लोंबत असेल, तर ते काय शिकवणार, हे उघडच आहे. बी.सी.ए.ला २०२४-२५ पासून ए.आय.सी.टी.ई.ची मान्यता लागू झाली आहे, तीही विचारून घ्यावी. महाराष्ट्रातून इंजिनीयरिंगला येणाऱ्यांसाठी कॉमेड-के ही परीक्षा आहे. मॅनेजमेंट कोट्याच्या दलालाकडे जाण्यापूर्वी ती तरी द्यावी. ज्यांना घर सोडणे परवडत नाही, त्यांच्यासाठी मद्रास आय.आय.टी.ची ऑनलाइन बी.एस. पदवी आहे. तिच्या डिप्लोमाच्या टप्प्यात वेब अॅप्लिकेशन बनवण्याचे रीतसर विषय आहेत आणि परीक्षेला मात्र केंद्रावर जावे लागते.

काकांनी त्या दिवशी दोन कॉलेजे पाहिली, जाहिरातीतल्या क्लासला एक फोन केला आणि 'हमी लेखी द्याल का' एवढेच विचारले. पलीकडून मिळालेल्या उत्तरानंतर त्यांनी जाहिरात चहाच्या टपरीवरच्या डब्यात टाकली. धाकटी बी.सी.ए.ला लागली.

पहिल्या सत्राच्या सुट्टीत तिने काकांच्या दुकानाचे एक पान बनवले. तूरडाळ, शेंगदाणे, गूळ, सगळ्यांचे भाव आणि दुकानाचा फोटो. गावात कौतुक झाले. चौथ्या दिवशी एक गिऱ्हाईक मोबाईल पुढे करून जुन्या भावाने डाळ मागू लागले. काकांनी मुलीला फोन लावला. भाव पानातच लिहून टाकले होते. बदलायचे म्हणजे दर वेळी तिनेच बसून पान दुरुस्त करायचे.

"रोज सकाळी मला दुकानातूनच भाव बदलता आला पाहिजे," काका म्हणाले.

"त्याला डेटाबेस लागतो, बाबा. पुढच्या सत्रात आहे."