पहाटेचा सराव, दुपारची वजनं

पहाटे ४.४०

अलार्म वाजतो तेव्हा कोथरूडच्या आमच्या गल्लीत दूधवालाही आलेला नसतो. आधी पेलाभर कोमट पाणी, मग आंघोळ. आंघोळ करूनच सरावाला जायचं ही म्हैसूरची रीत आहे. मला ती थंडीत वेगळ्या कारणाने पटते. पाठीवर आणि मांड्यांच्या मागच्या बाजूला गरम पाणी घेतलं की शरीर सैल होतं, आणि चव्वेचाळिसाव्या वर्षी पहाटे तेवढी मदत लागते. पोट रिकामंच ठेवायचं, चहासुद्धा नाही.

मी दंतवैद्य आहे. अठरा वर्षं लोकांच्या जबड्यात वाकून पाहते आहे. मान पुढे, खांदे गोल, उजवा हात हवेत. दोन वर्षांपूर्वी एका रूट कॅनॉलच्या मध्यात उजव्या हाताच्या दोन बोटांना मुंग्या आल्या आणि त्या संध्याकाळपर्यंत गेल्या नाहीत. माझं घर त्या बोटांवर चालतं. मला मानेच्या पट्ट्यावर उरलेली वर्षं काढायची नव्हती. म्हणून अष्टांग विन्यास सुरू केलं आणि चार महिन्यांनी त्याला वजनांची जोड दिली. ही दोन्ही एकाच शरीरात आणि एकाच दिवसात कशी बसवायची, हे शिकायलाच वर्ष गेलं.

पहाटे ५.३०

योगशाला म्हणजे एका जुन्या बंगल्याचा वरचा मजला. दहा-बारा चटया, बंद खिडक्या, आणि श्वासांचा आवाज. घसा किंचित आवळून घेतलेल्या उज्जायी श्वासाचा हा आवाज लांबच्या समुद्रासारखा वाटतो. समोर उभं राहून सूचना देणारं कोणी नाही. प्रत्येक जण आपापल्या जागी, आपापल्या गतीने, पाठ असलेला क्रम करतो. सर फिरत असतात, अडेल तिथे थांबतात. एक आसन स्थिर झालं की पुढचं देतात. याला म्हैसूर पद्धत म्हणतात.

पुण्यात राहून अय्यंगारांकडे का नाही, असं मला सगळे विचारतात. प्रश्न रास्त आहे. अय्यंगार १९३७ साली डेक्कन जिमखान्यावर शिकवायला पुण्यात आले आणि त्यांनी अख्ख्या शहराला योग शिकवला. पण ते आणि अष्टांग विन्यास जगभर नेणारे पट्टाभी जोइस हे दोघेही म्हैसूरच्या कृष्णमाचार्यांचेच शिष्य. अय्यंगारांनी आसनात थांबणं, दोर, ठोकळे, खुर्ची यांतून अचूकपणा शोधला. जोइस यांनी १९४८ साली म्हैसूरला आपली संस्था काढली आणि श्वासाला बांधलेली अखंड हालचाल शिकवली. मला घाम हवा होता, दम हवा होता. दिवसभर एका जागी वाकून बसणाऱ्या बाईला ‘थांब’ यापेक्षा ‘हल’ हे जास्त हवं होतं.

जोइस यांचं नाव घेतलं की आणखी एक गोष्ट सांगणं भाग आहे. आसन दुरुस्त करण्याच्या निमित्ताने त्यांनी लैंगिक गैरवर्तन केलं, असे आरोप त्यांच्या अनेक शिष्यांनी जाहीरपणे केले. २०१९ साली त्यांचे नातू शरथ जोइस यांनी आजोबा अयोग्य तऱ्हेने हात लावत हे आपण पाहिलं होतं असं मान्य करून दिलगिरी व्यक्त केली. म्हणून आमचे सर हात लावण्याआधी दर वेळी विचारतात, आणि ‘नको’ म्हटलं की पुढे सरकतात. जिथे विचारत नाहीत तिथे नवशिक्या बाईने चटई टाकू नये, असं माझं स्पष्ट मत आहे.

पाच सूर्यनमस्कार ए, पाच बी. ए मध्ये नऊ विन्यास, बी मध्ये सतरा. एकम्ला श्वास घेत हात वर, द्वेला श्वास सोडत खाली. शाळेत आम्ही वेगळे नमस्कार घातले होते. औंधच्या भवानराव पंतप्रतिनिधींनी संस्थानातल्या शाळांत रुजवलेला नमस्कार पुढे महाराष्ट्रभर पसरला. त्यातल्या साष्टांग स्थितीत कपाळ, छाती, गुडघे जमिनीला टेकतात. इथे काही टेकत नाही. तळहात आणि पायाची बोटं यांवर आडवं शरीर फळीसारखं तोलून धरायचं, कोपर काटकोनात. हे चतुरंग दंडासन. पहिले सहा आठवडे मी गुडघे टेकवूनच ते केलं. खांदा कोपराच्या खाली घसरला की सांध्याची पुढची बाजू ताणते आणि नवशिक्यांचे खांदे तिथेच दुखावतात. गुडघे टेकवण्यात कमीपणा नाही, हे सर रोज कोणाला ना कोणाला सांगतात.

पहिल्या दिवशी सरांनी फक्त नमस्कार शिकवले आणि वीस मिनिटांत शवासनात झोपवलं. मी हिरमुसले होते. उभी आसनं पुरी व्हायला तीन महिने गेले. पहिली मालिका पूर्ण केली तर साधारण दीड तास लागतो. तिला योगचिकित्सा असंही नाव आहे. दीड वर्ष झालं तरी मी तिच्या निम्म्यावर आहे, मरीच्यासन डी पाशी. एक पाय अर्धपद्मात, दुसरा गुडघा उभा, धड पिळून हात मागे नेऊन बोटं गुंफायची. आज उजवीकडे बोटं बोटांना लागली. डावीकडे चार अंगुळं अंतर राहिलं.

“ताई, इथेच थांबू या. गुडघ्यावर जोर येतोय.”

“आज लागतील असं वाटलं होतं, सर.”

“लागतील. खुबा उघडला की लागतील. गुडघ्याकडून उसनं घ्यायचं नाही.”

ते एका वाक्यात शरीरशास्त्र सांगतात. अर्धपद्मातलं वळण खुब्याच्या सांध्यातून यायला हवं. तिथे जागा नसताना पाय ओढला तर ते वळण गुडघ्यावर येतं, आणि गुडघा मुख्यतः बिजागरीचा सांधा आहे. इथे हट्ट धरला तर अस्थिबंध आणि कूर्चा दुखावतात. मी थांबले. चक्रासन, सर्वांगासन, हलासन, शीर्षासन, पद्मासन, आणि मग शवासन. खिडकीबाहेर उजाडलेलं असतं.

सकाळी ७.३०

घरी आल्यावर तासभर सगळं धावतपळत. लेकीचा डबा, कुकर, सासूबाईंच्या गोळ्या. न्याहारी मात्र बसून. दोन अंडी, वाटीभर मुगाची उसळ, ज्वारीची भाकरी, पेलाभर दूध. सासूबाई सुरुवातीला म्हणायच्या, “अगं, योग करणाऱ्याने हलकं खावं.” मी त्यांना हिशेब दाखवला. माझं वजन साठ किलो. वजनं उचलणाऱ्या माणसाला शरीराच्या किलोमागे सव्वा ते दीड ग्रॅम प्रथिनं लागतात, म्हणजे मला दिवसाला ऐंशीच्या आसपास. अंड्यात सहा ग्रॅम, पेलाभर दुधात आठ. आपल्या वरणभात-पोळीभाजीच्या जेवणात हा आकडा आपोआप गाठला जात नाही, तो ठरवून गाठावा लागतो. आता सासूबाईच रात्री मूग भिजत घालतात.

सकाळी १० ते १

दवाखाना. आजच्या यादीत दोन रूट कॅनॉल, एक कवळीचं माप, एका छोट्याची किडलेली दाढ. माझ्या सरावाची खरी परीक्षा इथे असते. पूर्वी मी कमरेतून गोल होऊन वाकायची, आता खुब्यातून पुढे येते. पादांगुष्ठासन करताना सर जे सांगतात, तेच. रुग्णाची खुर्ची चार बोटं वर, माझं स्टूल जरा उंच, तळपाय जमिनीवर सपाट. दोन रुग्णांच्या मधल्या तीन मिनिटांत दाराच्या चौकटीला हात लावून छाती उघडते. बोटांच्या मुंग्या गेल्या वर्षभरात आलेल्या नाहीत. त्याचं सगळं श्रेय मी योगाला देणार नाही. स्टूल बदललं, भिंगाचा चष्मा घेतला, त्याचाही वाटा आहे.

दुपारी १.३०

जेवण, आणि वीस मिनिटांची वामकुक्षी. पहाटे पावणेपाचला उठणाऱ्याने ती टाळू नये.

दुपारी ३.४५

मंगळवार आणि शुक्रवार, जिम. पाऊण तास, त्याहून जास्त नाही.

योग करतेस तर जिम कशाला, असं शालेतले विचारतात. जिममधले उलटं विचारतात. उत्तर मी मोजून काढलं आहे. माझ्या आजच्या सरावात चतुरंग चाळीसहून अधिक वेळा आलं. म्हणजे शरीर जमिनीपासून ढकलणं, तोलणं, हे चाळीस वेळा. आणि काही तरी स्वतःकडे ओढणं किती वेळा? एकदाही नाही. चटईवर ओढायला काही नसतंच. पाठीचे, खांद्यामागचे जे स्नायू माझी पुढे गेलेली मान मागे आणणार, त्यांना या मालिकेत जवळजवळ काम नाही. म्हणून मी जिममध्ये प्रामुख्याने ओढते. केबल रो, डंबेल रो, रबरी पट्ट्याच्या आधाराने पुल-अप. गेल्या दिवाळीत पहिला पुल-अप पट्ट्याशिवाय झाला, आता सलग तीन होतात. पाच करायचे आहेत. बेंच प्रेस मी करत नाही, ढकलणं पहाटे पुरेसं होतं.

दुसरं कारण हाडांचं. पाळी जाण्याच्या वयात बायकांची हाडं झपाट्याने विरळ होतात, आणि हाडांना भार हवा असतो. स्क्वॉट पस्तीस किलो, डेडलिफ्ट पन्नास. पन्नासवर मी सहा महिने आहे, आणि त्यामागे एक दुखणं आहे.

सराव सुरू करून पाच महिने झाले होते. पश्चिमोत्तानासनात कपाळ नडगीला लागायला लागलं होतं आणि मी रोज थोडं आणखी खेचत होते. त्याच आठवड्यात डेडलिफ्टवर दहा किलो वाढवले, आणि रविवारी लेकीबरोबर अतकरवाडीच्या वाटेने सिंहगड चढून आले. सोमवारी स्कूटरवर बसताना बैठकीच्या हाडाशी कळ आली. मांडीमागचा स्नायू जिथे त्या हाडाला जोडलेला असतो, ते कंडर दुखावलं होतं. अष्टांगवाल्यांमध्ये हे दुखणं इतकं सर्रास आहे की शालेत सांगितल्यावर तिघींनी आपापल्या कथा सांगितल्या. पैकी दोघींनी ‘आणखी ताण, सुटेल’ असा सल्ला दिला, आणि मी दोन आठवडे तो पाळला. दुखणं वाढलं.

फिजिओथेरपिस्टने सांगितलं ते नेमकं उलटं होतं. कंडराला रक्तपुरवठा कमी असतो, ते सावकाश भरून येतं. ताणलेल्या अवस्थेत ते हाडावर दाबलं जातं, म्हणून ताणणं बंद. पुढे वाकताना गुडघे दुमडायचे. उताणं झोपून कंबर उचलून नुसतं धरून ठेवायचं, मग हळूहळू भार वाढवत न्यायचा. सात महिने लागले. त्या सात महिन्यांत मी सकाळी शालेत सगळ्यांसमोर गुडघे दुमडून वाकत होते. सरांनी एकदाही सरळ कर म्हटलं नाही, याबद्दल मी त्यांची ऋणी आहे.

त्यानंतर मी एक वही केली. तीन गोष्टी एकाच आठवड्यात वाढवायच्या नाहीत. सरांनी नवं आसन दिलं की पंधरा दिवस वजन तेवढंच. वजन वाढवलं तर सिंहगड नाही. डेडलिफ्टच्या दुसऱ्या दिवशी पहाटे पुढे वाकण्यात जोर नाही. कोणतंही काम शरीराला ओळखीचं व्हायला वेळ लागतो, आणि शरीर योग, जिम, गड असे वेगळे कप्पे करत नाही. त्याच्या लेखी सगळा भारच.

संध्याकाळी ५ ते ७.३०

पुन्हा दवाखाना. पूर्वी साडेआठपर्यंत असायचा. तो एक तास मी सोडला. नोकरी करणारे रुग्ण त्याच वेळी येतात, तेव्हा महिन्याच्या हिशेबात ते दिसतं. पण रात्री साडेनऊला जेवून पावणेपाचला उठता येत नाही, आणि उठलं तरी भरल्या पोटाने पिळाची आसनं होत नाहीत. आधी आठ महिने मी झोप कापून दोन्ही करत होते. तेव्हा सतत सर्दी, चिडचिड, आणि उचलायची वजनं होती तिथेच. ज्याला हा सराव सुरू करायचा आहे त्याने सकाळची नव्हे, संध्याकाळची आखणी आधी करावी.

रात्री ८

ज्वारीची भाकरी, पालेभाजी, पनीर, वाटीभर ताक. लेक समोर बसून विचारते, “आई, या रविवारी गड?”

“वजन वाढवलंय गं या आठवड्यात. पुढच्या रविवारी.”

अतकरवाडीवरून वर पोचायला तिला पन्नास मिनिटं लागतात, मला सत्तर. एका तासाच्या आत चढणं हे माझं या वर्षीचं दुसरं उद्दिष्ट आहे.

रात्री ९.१५

दहा मिनिटं पाय भिंतीला लावून पडते. मग वही. आजचं: मरीच्यासन डी, उजवीकडे लागलं, डावीकडे नाही. रो बावीस किलो, आठ-आठचे तीन सेट. पुल-अप तीन, दोन, दोन. डेडलिफ्ट साडेबावन्न, बैठकीच्या हाडाशी कळ नाही. पन्नासच्या वरचं, सहा महिन्यांतलं पहिलं पाऊल.

भिंतीवर कालनिर्णय आहे. शाला शनिवारी बंद असते, शिवाय अमावास्या आणि पौर्णिमेलाही. पाळीचे पहिले तीन दिवस बायकांनी सराव करायचा नाही, हीही या परंपरेची सुट्टी. सुरुवातीला मी या सुट्ट्यांच्या दिवशी चोरून जिमला जायची. आता त्या दिवशी खरोखरच काही करत नाही. उद्या बुधवार, जिम नाही, पहाटे गुडघे दुमडून वाकायचं. परवा पौर्णिमा, त्या दिवशी अलार्म सहाचा.