अग्नीस आवरणारी नळी

बारामतीकडच्या शेतकऱ्यास इंदापूर तालुक्यांतील वालचंदनगर परिचित आहे तें साखरेच्या यंत्रांमुळें. तेथें अग्निबाणांचीं पोलादी कवचेंहि घडतात, हें थोड्यांसच ठाऊक असतें. १४ जुलै २०२३ रोजीं चांद्रयान-३ उचलणाऱ्या अग्निबाणांच्या कवचाचे काहीं खंड येथलेच.

व्यास ३.२ मीटर, पोटांत सुमारें २०० टन घन इंधन, तें दोन मिनिटांत जळतें! ज्वाळेची उष्णता ३,००० अंशांच्या आसपास, आणि हें निकेल-कोबाल्टयुक्त पोलाद तर सुमारें ४८० अंशांवर भाजून बळकट केलेलें. त्याहून फार तापलें कीं त्याचें बळ ओसरतें. मग तें टिकावें कसें? पोलादानें दाब सोसावयाचा, उष्णता आंतील रबरी अस्तरानें. अस्तर जळून त्याचा कोळसा होतो, व तो कोळसाच मागील थरास झांकतो. ज्वाळा बाहेर पडते त्या मुखाशीं मात्र रबर पुरत नाहीं. तेथें कार्बनतंतूंचें अस्तर लागतें.

खरें भय सांध्यांचें. २८ जानेवारी १९८६ रोजीं अमेरिकेंत थंडीनें सांध्याची रबरी कडी ताठरली, तेथून ज्वाळा फुटली व ‘चॅलेंजर’मधील सातहि जण प्राणांस मुकले.

म्हणून रिकाम्या कवचाची कसोटी पाण्याच्या दाबानें घेतात. हवेनें घेतली, तर फुटतांना कवचाची तोफच होईल.