रोष आणि संयम : उत्तर मद्रासची मुष्टिविद्या

मुष्टियुद्ध पाहणाऱ्यास प्रथमदर्शनी असे वाटते की, हा सारा क्रोधाचा खेळ आहे. दोन माणसे दोरांनी वेढलेल्या चौकटीत उभी राहतात, घंटा होते आणि ती एकमेकांवर तुटून पडतात. उत्तर मद्रासच्या वस्त्यांत या खेळाला जे नाव रूढ झाले, तेही या समजाला पुष्टी देणारेच आहे. ‘रोषमान कुत्तुसंडै’ हे ते नाव. ‘कुत्तु’ म्हणजे ठोसा आणि ‘संडै’ म्हणजे लढाई. ‘रोष’ हा शब्द आपल्याही परिचयाचा आहे. परंतु मराठीत तो केवळ रागाचा वाचक आहे, तर तमिळ बोलीत मानी माणसाच्या मनाला झोंबणारी, अपमान सहन न करणारी वृत्ती, असा त्याचा अर्थ होतो. मौजेची गोष्ट ही की, ज्या खेळाच्या नावातच रोष आहे, त्याच्या तालमीत पहिला धडा मिळतो तो रोष आवरण्याचा. या विसंगतीत मुष्टिविद्येचे मर्म साठवलेले आहे.

ज्या नगराला १९९६ पासून चेन्नई म्हणतात, त्याचा उत्तर भाग हा श्रमिकांचा भाग. रायपुरम आणि कासिमेडू येथील कोळी, बंदरातील हमाल, पेरांबूरच्या रेल्वे कारखान्यातील कामगार आणि पुढे बंद पडलेल्या बकिंगहॅम अँड कर्नाटिक गिरण्यांतील मजूर यांची ही वस्ती. इंग्रज सैनिकांनी आणि खलाशांनी आपल्याबरोबर मुष्टियुद्ध आणले. या वस्त्यांतील तरुणांनी, त्यांत दलित तरुण मोठ्या संख्येने होते, ते पाहिले, उचलले आणि आपलेसे केले. ज्याला दिवसभर कोणी ना कोणी हुकूम सोडत असे, अशा माणसाला त्या चौकटीत समान वजनाचा एकच प्रतिस्पर्धी आणि दोघांना लागू असणारे एकच नियम भेटत. तेथे जात किंवा हुद्दा विचारला जात नसे. त्यामुळे या खेळाला करमणुकीपलीकडचे मोल आले. हरणे वा जिंकणे हा एका माणसाचा प्रश्न न राहता साऱ्या वस्तीच्या मानाचा प्रश्न झाला.

या मुष्टियोद्ध्यांचे जे संघ होते, त्यांना ‘परंबरै’, म्हणजे परंपरा, असे म्हणत. सारपट्टा परंबरै आणि इडियप्प नायकर परंबरै ही त्यांतील दोन गाजलेली नावे. गाण्यातील घराणे आणि कुस्तीतील तालीम या दोन्ही कल्पना एकत्र केल्या म्हणजे परंबरै कशी असेल, याची मराठी माणसाला सहज कल्पना येईल. घराण्याची म्हणून एक रीत असते, गुरूचा शब्द अखेरचा असतो आणि प्रतिस्पर्धी घराण्याशी वैर पिढ्यान् पिढ्या चालते. ‘सारपट्टा’ या नावाची उपपत्ती ‘चार पट्टे’, म्हणजे चार पाती, अशी सांगतात. ती खरी असेल, तर त्यातील पट्टा हा आपल्या दांडपट्ट्याचाच सोयरा ठरतो. शिकवणाऱ्याला तेथे ‘वात्तियार’ म्हणतात. हा शब्द शाळेतील गुरुजींनाही लावतात. ‘वस्ताद’ हा आपला ओळखीचा शब्दही किंचित बदललेल्या उच्चाराने मद्रासी बोलीत नांदतो आहे.

नवा मुलगा वस्तादाकडे येतो तेव्हा त्याला घाई असते ती ठोसा मारण्याची. वस्ताद मात्र त्याच्या पायांकडे पाहतो. पहाटे धावणे आणि दोरीवरच्या उड्या यांत त्याचे पहिले दिवस जातात. मग त्याला उभे राहण्यास शिकवतात. उजव्या हाताच्या माणसाने डावा पाय पुढे ठेवावा, उजवी टाच किंचित उचललेली असावी, हनुवटी खाली घ्यावी आणि दोन्ही मुठी चेहऱ्याजवळ ठेवाव्यात. पुढे सरताना पुढचा पाय आधी हलवावा, मागे सरताना मागचा. पायाला पाय कधीही अडकू देऊ नये. हे ऐकण्यास सोपे वाटते, परंतु ते अंगवळणी पडण्यास कित्येक महिने लागतात. ज्याचे पाय चुकतात, त्याचा तोल जातो. आणि तोल गेलेल्या माणसाच्या हातात बळ असूनही ते कामास येत नाही.

याचे कारण असे की, ठोसा हाताने मारला जातो, ही समजूतच मुळात अपुरी आहे. खरा ठोसा पायाच्या तळव्यापासून निघतो. मागचा पाय जमिनीला रेटा देतो, कंबर फिरते, तिच्यामागून खांदा फिरतो आणि हात हा त्या साऱ्या गतीचा केवळ शेवटचा दुवा असतो. मूठ आघाताच्या क्षणापर्यंत सैल असते आणि त्या क्षणापुरतीच आवळली जाते. जो आधीपासून मूठ आवळून ठेवतो, त्याचे स्नायू एकमेकांविरुद्ध ओढतात. त्याचा ठोसा मंदावतो आणि तो लवकर दमतो. येथेच रोषाची अडचण सुरू होते. संतापलेला माणूस दात आवळतो, खांदे ताठरतो, श्वास रोखून धरतो आणि हात लांबून फिरवून आणतो. त्याचा ठोसा येण्यापूर्वीच दिसतो. अनुभवी प्रतिस्पर्धी अशा माणसाची वाटच पाहत असतो. म्हणून ‘रागावू नकोस’ हा वस्तादाचा उपदेश नीतिपाठ नसून तो यंत्रशास्त्राचा नियम आहे.

भीतीचेही तसेच आहे. चेहऱ्याकडे काही वेगाने आले की डोळे मिटणे, मान फिरवणे ही देहाची उपजत प्रतिक्रिया होय. मुष्टियोद्ध्याला ती मोडावी लागते. कारण न दिसलेला ठोसा हा सर्वांत घातक असतो. यासाठी आरशासमोर किंवा भिंतीवरील आपल्या सावलीशी लढणे, वाळूच्या पोत्यावर सराव करणे आणि मग सोबत्याशी हळू हाताने सराव-लढत खेळणे, अशी पायरी-पायरीने चढण असते. सराव-लढतीत शिष्याला अधिक बलवान माणसापुढे फार लवकर उभे केले, तर तो धीट न होता भ्याड होतो, हे चांगल्या वस्तादाला ठाऊक असते. भीती कधीच नाहीशी होत नाही. ती असतानाही डोळे उघडे ठेवून विचार करता येतो, एवढेच शिकायचे असते.

हौशी लढत आणि धंदेवाईक लढत यांत येथे फरक पडतो. हौशी लढत साधारणपणे तीन फेऱ्यांची. तीत वेग आणि अचूकपणा यांना महत्त्व. धंदेवाईक मुष्टियोद्धा चार फेऱ्यांपासून आरंभ करतो आणि अजिंक्यपदासाठी बारा फेऱ्यांपर्यंत जातो. १८६७ च्या क्वीन्सबेरी नियमांपासून चालत आलेली तीन मिनिटांची फेरी आणि एक मिनिटाची विश्रांती ही चौकट आजही टिकून आहे. हातमोजे सुमारे २२५ ते २८५ ग्रॅम वजनाचे असतात. ते हाताच्या हाडांचे रक्षण करतात. समोरच्याच्या मेंदूचे तितके करीत नाहीत. अशा दीर्घ लढतीत शक्ती खर्चण्यापेक्षा ती राखण्यास अधिक अक्कल लागते. बरगड्यांवरील ठोसे प्रेक्षकांना नीरस वाटतात. पण त्यांचे व्याज शेवटच्या फेऱ्यांत वसूल होते.

त्या एक मिनिटाच्या विश्रांतीत वस्तादाची खरी परीक्षा असते. पाणी देणे, सूज दाबणे, रक्त थांबवणे आणि एखादेच उपयोगी वाक्य सांगणे, एवढ्याला तो वेळ पुरतो. पण त्याहून मोठे काम म्हणजे शिष्याच्या डोळ्यांत पाहणे. लढणारा ‘थांबवा’ असे स्वतः म्हणत नाही. त्याचे सारे शिक्षणच न थांबण्याचे असते. म्हणून थांबण्याचा निर्णय दुसऱ्या कोणी तरी घ्यावा लागतो.

याचे थोर उदाहरण १ ऑक्टोबर १९७५ रोजी मनिला येथे घडले. मुहम्मद अली आणि जो फ्रेझियर यांच्या लढतीच्या चौदा फेऱ्या झाल्या होत्या, एकच उरली होती. फ्रेझियरचे डोळे सुजून जवळजवळ मिटले होते, तरी तो उठण्याचा हट्ट धरीत होता. त्याचे गुरू एडी फच यांनी त्याला उठू दिले नाही. जगज्जेतेपदाची संधी गेली, पण शिष्य घरी परतला.

त्या लढतीचा विजेता अली १९८० च्या प्रारंभी मद्रासला आला. नेहरू स्टेडियमवर, मुख्यमंत्री एम. जी. रामचंद्रन यांच्या उपस्थितीत, जुना सोबती आणि माजी विजेता जिमी एलिस याच्याशी तो प्रदर्शनी लढत खेळला. उत्तर मद्रासच्या मुष्टिप्रेमींना त्या दिवशी आपले दैवतच भेटले. अली तेव्हा निवृत्त झाला होता. परंतु अवघ्या आठ महिन्यांनी, २ ऑक्टोबर १९८० रोजी, अडतिसाव्या वर्षी, तो लॅरी होम्सविरुद्ध पुन्हा उभा राहिला. दहा फेऱ्या त्याने केवळ मार खाल्ला. त्याच्या बाजूचा एक सहायक आणखी एक फेरी मागत होता. गुरू अँजेलो डंडी यांनी त्याला न जुमानता लढत थांबवली. १९८४ मध्ये अलीला कंपवाताचा विकार असल्याचे निदान झाले. त्यात ठोशांचा वाटा किती, याविषयी वैद्यांत मतभेद राहिले. तथापि डोक्यावरील वारंवार आघातांनी मुष्टियोद्ध्यांची चाल आणि वाणी बिघडते, हे हॅरिसन मार्टलँड या अमेरिकन वैद्याने १९२८ मध्येच लिहून ठेवले होते. १९८२ मध्ये दक्षिण कोरियाचा किम दुक-कू चौदाव्या फेरीत कोसळून पुढे मरण पावला, तेव्हा अजिंक्यपदाच्या लढती पंधरा फेऱ्यांवरून बारांवर आणण्यास आरंभ झाला. मुष्टियुद्धाचे अनेक नियम असे कोणा एकाच्या देहाची किंमत मोजून लिहिले गेले आहेत.

मद्रासमधील परंबरैंच्या त्या जाहीर लढती पुढे ओसरत गेल्या. विद्या मात्र नष्ट झाली नाही. ती हौशी खेळाच्या वाटेने वाहू लागली. चेन्नईच्याच व्ही. देवराजन याने १९९४ मध्ये बँकॉक येथील विश्वचषक स्पर्धेत कांस्यपदक मिळवले. २०२१ मध्ये पा. रंजित यांच्या ‘सारपट्टा परंबरै’ या चित्रपटाने त्या जुन्या दिवसांची आठवण देशभर पोहोचवली. त्यातील शिष्याइतकेच रंगन वात्तियार हे गुरूचे पात्रही लोकांच्या मनात राहिले, हे अर्थपूर्ण आहे.

रोष माणसाला तालमीच्या दारापर्यंत आणतो, यात शंका नाही. ज्याच्या मनाला काही झोंबलेच नाही, तो पहाटे उठून धावणार कशाला? परंतु दाराच्या आत त्या रोषाला वळण लागले पाहिजे: पायांना, श्वासाला, नजरेला. आणि ज्या क्षणी शिष्याचा रोष त्याच्याच जिवावर उठतो, त्या क्षणी त्याच्या खांद्यावर हात ठेवून ‘आता पुरे’ असे म्हणणारा कोणी तरी कोपऱ्यात उभा असला पाहिजे. वस्ताद किती विजेते घडवतो, हे जगाला दिसते. त्याने किती जणांना वेळीच बसवले, हे मात्र सहसा कोठे नोंदले जात नाही.