चिनी तांदळाची वडी आणि आपली उकड



वर्धा जिल्ह्यांत बोर धरणाच्या वाटेवर हिंगणी नांवाचें गांव आहे. भोंवतालचीं शेतें कापसाचीं व तुरीचीं. तांदूळ येतो तो भंडारा-गोंदियाकडून, आणि तव्यावर पडते ती मुख्यतः ज्वारीची भाकरी. अशा गांवाच्या नांवानें चिनी पक्वान्नाची गोष्ट काढावी हें प्रथम चमत्कारिक वाटेल. परंतु तांदळाच्या ज्या चिनी वडीविषयीं आज बोलावयाचें आहे, तिचें मर्म ज्वारीची भाकरी थापणाऱ्या बाईला निम्में ठाऊक असतें.

ज्वारीचें पीठ जुनें झालें म्हणजे भाकरी थापतांना तिच्या कडा फाटतात. "पिठाला विरी नाहीं," असें म्हणून जाणती गृहिणी त्यावर उकळतें पाणी ओतते, उलथन्यानें ढवळते आणि मग पीठ मळते. तीच भाकरी आतां अखंड थापली जाते. यांतील कारण साधें आहे. पिठांतील स्टार्चचे सूक्ष्म कण थंड पाण्यांत जसेच्या तसे राहतात. उकळतें पाणी मिळतांच ते फुगतात व खळीसारखे चिकट होतात. ही खळ उरलेल्या पिठाला बांधून ठेवते. कोंकणांतील उकडीच्या मोदकाचेंहि रहस्य हेंच. वाटीभर पाण्याला आधण आणून त्यांत वाटीभर पिठी घालावयाची, झांकण ठेवून वाफ आणावयाची आणि गरम असतांनाच उकड मळावयाची. आपल्या नेहमींच्या तांदळाच्या पिठाला असा चिकटपणा बाहेरून, उष्णतेच्या बळानें, आणावा लागतो.

चीनमध्यें मात्र एका जातीच्या तांदळांत तो जात्याच असतो. त्याच्या पिठाची वाफवलेली वडी तेथें चांद्र नववर्षाला करतात. तिला 'न्येनगाओ' म्हणतात. 'न्येन' या उच्चाराचे 'चिकट' आणि 'वर्ष' असे दोन अर्थ होतात, व 'गाओ' याचे 'वडी' आणि 'उंच'. म्हणून ही वडी खाणें म्हणजे वर्षागणिक चढती कळा लाभो अशी इच्छा करणें होय. वर्षाच्या शेवटीं चुलीचा देव घरांतील बरें-वाईट सांगण्यास स्वर्गांत जातो. त्यानें गाऱ्हाणें करूं नये म्हणून चिकट गोड खाऊ देऊन त्याचें तोंड बंद करावयाचें, अशीहि एक लोकसमजूत आहे. शांघायकडे ही वडी पांढरी व अगोड असते. दक्षिणेस क्वांगतुंग प्रांतांत ती तांबूस व गोड असते. ती दुसरी आपल्याला जवळची, कारण तिच्यांत पडते ती उंसाची तांबडी साखर. आपला गूळ तिचा सख्खा भाऊ.

दोन तांदळांतील भेद असा: स्टार्चचे रेणू दोन प्रकारचे असतात, एक सरळ सांखळीचे व दुसरे पुष्कळ फांद्यांचे. नेहमींच्या तांदळांत सरळ रेणू सामान्यतः शेंकडा 15 ते 30 असतात. भात निवला म्हणजे ते एकमेकांस बिलगून ताठ होतात. चिकट तांदळांत ते जवळजवळ नसतातच. याची परीक्षा घरींहि करतां येते. निवलेल्या पेजेंत टिंक्चर आयोडिनचा थेंब टाकावा: साधा तांदूळ असल्यास रंग निळा-काळा, चिकट असल्यास तांबूस-तपकिरी. परीक्षेची पेज अर्थातच फेकून द्यावी. आपल्या देशांत आसामचा 'बोरा' आणि मणिपूरचा काळा 'चाकहाओ' हे तांदूळ याच जातीचे होत.

आतां कृति. चिकट तांदळाची बारीक पिठी 250 ग्रॅम व गूळ 200 ग्रॅम घ्यावा. गूळ 250 मिलिलिटर पाण्यांत विरघळवून गाळावा आणि कोमट होऊं द्यावा. येथें उकडीची संवय विसरावी. उकळतें पाणी या पिठीला लागलें कीं तिच्या गांठी होतात आणि त्या मोडतां मोडत नाहींत. कोमट गुळवणी थोडी थोडी घालीत पीठ धिरड्यासारखें सैल करावें. लागल्यास आणखी थोडें पाणी घालावें. डब्याला केळीचें पान लावून त्यावर तेलाचा हात फिरवावा व दोन इंच उंचीपर्यंत पीठ ओतावें. मोदकपात्रांत तासभर किंवा थोडें अधिक वाफवावें. झांकणाला फडकें बांधावें, म्हणजे पाण्याचे थेंब वडीवर पडणार नाहींत. तळचें पाणी आटल्यास उकळतेंच घालावें. काडी टोंचली तर ती कोरडी निघणार नाहीं. तिला पांढरें कच्चें पीठ लागत नाहीं एवढेंच पाहावें. वर तीळ पेरून वडी रात्रभर राहूं द्यावी. दुसऱ्या दिवशीं तेल लावलेल्या सुरीनें पातळ काप करून थोड्या तुपावर परतावे. निवून घट्ट झालेली वडी उष्णता लागतांच पुन्हां मऊ होते.

एक सूचना मात्र कटाक्षानें पाळावी. हा पदार्थ घशांत अडकूं शकतो. जपानांत अशाच तांदळाचे 'मोची' नांवाचे गोळे खातांना नववर्षाच्या सुमारास वृद्ध माणसें गुदमरून दगावल्याच्या बातम्या वारंवार येतात. म्हणून वृद्धांना लहान लहान तुकडेच द्यावे, आणि अगदीं लहान मुलांना ही वडी देऊंच नये.

चिकट पिठी न मिळाल्यास साध्या पिठीची न्येनगाओ करण्याचा हट्ट धरूं नये. ती निवल्यावर ताठ व भुसभुशीत होईल. त्या पिठीची उकड काढावी आणि मोदकच करावे. त्यांतहि तांदूळ पाहून घ्यावा. जुना, मोकळा शिजणारा तांदूळ मसालेभाताला उत्तम, पण मोदकाला नडतो. नव्या आंबेमोहोराची पारी सुबक वळते. चतुर्थीच्या दिवशीं मोदक फुटले कीं घरांत नव्या सुनेच्या हाताला बोल लागतो. तो लावण्यापूर्वीं डब्यांतला तांदूळ कोणता होता आणि तो कोणी आणला होता, हें एकदां विचारावें. पुष्कळदां हाताचा दोष नसतोच.