दोन ग्रामीण बँका, एक ताळेबंद

१ मे २०२५ पासून महाराष्ट्रात एकच ग्रामीण बँक उरली. छत्रपती संभाजीनगरची महाराष्ट्र ग्रामीण बँक आणि नागपूरची विदर्भ कोकण ग्रामीण बँक एकत्र आल्या. मुख्य कार्यालय संभाजीनगरलाच राहिले, प्रायोजक बँक ऑफ महाराष्ट्र. त्याच दिवशी देशातल्या ४३ ग्रामीण बँकांच्या २८ झाल्या. बँक मोठी झाली की कार्यक्षम होते, असा यामागचा विचार आहे. तो खरा ठरतो का, हे पाहायचे तर जुन्या दोन बँकांची तुलना करता आली पाहिजे.

दोन्ही बँका बेटांसारख्या होत्या; नेमून दिलेल्या जिल्ह्यांबाहेर पाऊल टाकायची मुभा नव्हती. एकीकडे मुख्यतः मराठवाडा आणि खानदेश, दुसरीकडे मुख्यतः विदर्भ, सोलापूर आणि रत्नागिरी-सिंधुदुर्गचा किनारा. त्यामुळे या बँकांची तुलना म्हणजे त्यांच्या भागांचीही तुलना.

तुलनेला सगळ्यात आधी नफा घेतला जातो, आणि तिथेच घोटाळा होतो. देशातल्या सर्व ग्रामीण बँका मिळून २०१९-२० मध्ये २,२०८ कोटींच्या तोट्यात होत्या. २०२३-२४ मध्ये नफा ७,५७१ कोटींवर गेला. सुमारे २२ हजार शाखा धरल्या तर शाखेमागे जवळपास ३४ लाख रुपये. पण १९७५ पासून २०२१ पर्यंत या बँकांना एकूण ८,३९३ कोटींचे भांडवल मिळाले होते, आणि त्यानंतरच्या दोनच वर्षांसाठी १०,८९० कोटी मंजूर झाले. मग नफ्यात नव्या पैशाचा वाटा किती आणि शाखेतल्या माणसांच्या कष्टाचा किती? उलटेही घडते. २०२४-२५ मध्ये नफा ६,८२५ कोटींवर घसरला. कारण पेन्शन योजना १ नोव्हेंबर १९९३ पासून मागील प्रभावाने लागू झाली. त्याच वर्षी ढोबळ थकीत कर्जे ६.१ वरून ५.४ टक्क्यांवर आली होती. काम सुधारले, नफा घटला!

म्हणून मला कर्ज-ठेव गुणोत्तर जास्त बोलके वाटते. देशातल्या ग्रामीण बँकांचे ते २०२३-२४ मध्ये ७१.२ टक्के होते: १०० रुपये ठेवींमागे ७१ रुपये कर्ज. उरलेला पैसा सरकारी रोख्यांत ठेवला तरी व्याज येतेच. त्याला ना वसुली अधिकारी लागतो, ना बांधावर जाऊन केलेली पाहणी. अशी बँक कागदावर स्वस्तात चालते, पण पैठणच्या ठेवीदाराचा पैसा पैठणच्या शेतकऱ्यापर्यंत पोहोचत नाही.

थकबाकीचा आकडाही जपून वाचावा लागतो. सोयाबीनसारख्या अल्प मुदतीच्या पिकाचे कर्ज दोन हंगाम थकले की अनुत्पादक ठरते. पाठोपाठ दोन खरीप कोरडे गेले तर मराठवाड्यातली चांगली शाखाही वाईट दिसणार. आणि २०१७ किंवा २०१९ सारखी कर्जमाफी आली की तीच शाखा काही न करता सुधारलेली दिसणार.

आता ताळेबंद एकच झाल्याने मराठवाड्याची तूट कोकणच्या सरासरीत मिसळून जाईल, किंवा याच्या उलट होईल. विलीनीकरणाने काय साधले, हे त्या सरासरीवरून कळणार नाही. संभाजीनगरच्या मुख्य कार्यालयाने जिल्हानिहाय ठेवी, कर्जे, थकबाकी आणि कर्मचारीसंख्या दर वर्षी स्वतःहून जाहीर करावी. या बँकेचे ५० टक्के भांडवल केंद्राचे आणि १५ टक्के राज्याचे आहे. हा हिशेब मागण्याचा प्रत्येक खातेदाराला हक्क आहे.