बाबांची निवड समिती

घरातील वडीलधाऱ्या माणसाला आपण शेवटचे केव्हा काही ठरवावयास सांगितले होते, हे जरा आठवून पाहावे. डॉक्टर कोणता, स्वेटर कोणता, जेवण किती वाजता, हे सारे आपण ठरवतो आणि त्यांना कळवतो. पुष्कळदा तेवढेही करीत नाही. आमच्या घरी असेच चालले होते. ते ध्यानात आले एका क्रिकेट संघामुळे, म्हणून ही हकीकत आपणास सांगावीशी वाटते.

आमचे घर मौद्याचे, नागपूरहून भंडाऱ्याकडे जाणाऱ्या रस्त्यावर. माझे सासरे (आम्ही सारे त्यांना बाबा म्हणतो) निवृत्त शिक्षक. फेब्रुवारी 2023 मध्ये त्यांचे वय 76 होते आणि स्मृतिभ्रंशाचे निदान होऊन सहा-सात महिने लोटले होते. चहा घेतला की नाही, हे त्यांना आठवत नसे. प्रश्न विचारला की ते उत्तरासाठी माझ्याकडे पाहत, आणि मीही त्यांच्या वतीने उत्तर देऊन मोकळी होत असे. काळजी घेणाऱ्या माणसाला ही सवय नकळत लागते.

त्या महिन्याच्या 9 तारखेपासून जामठ्याच्या मैदानावर ऑस्ट्रेलियाविरुद्ध मालिकेतील पहिली कसोटी होती. माझा मुलगा वही घेऊन अकरा जणांची निवड करीत बसला होता. त्या वेळी पेच खरोखरीच अवघड होते. ऋषभ पंत डिसेंबरअखेरच्या मोटार अपघातात जायबंदी झालेला. मग यष्टिरक्षक श्रीकर भरत की ईशान किशन? श्रेयस अय्यर पाठीच्या दुखण्याने बाहेर, तेव्हा मधल्या फळीत कोण? सलामीला राहुल की शुभमन गिल? तिसरा फिरकीपटू अक्षर की कुलदीप? मुलगा स्वतःशीच पुटपुटत होता. आरामखुर्चीतून आवाज आला, "जामठ्याला चेंडू वळते. फिरकीवर यष्टीमागे ज्याचे हात पक्के, तो घे. फलंदाजी मागून पाहू."

कित्येक दिवसांत बाबा एवढे सलग बोलले नव्हते. मुलाने भरतचे नाव लिहिले आणि वही घेऊन तो त्यांच्या पायाशी येऊन बसला.

दहा मिनिटांनी बाबांनी सांगितले, "शॉर्ट लेगला सोलकर." मुलगा गोंधळून माझ्याकडे पाहू लागला. एकनाथ सोलकर 2005 साली निवर्तले. असा प्रसंग आपल्या घरी रोज येत असेल, म्हणून येथे थोडे थांबते. "अहो बाबा, ते आता कुठे आहेत?" असे म्हटले असते, तर वाक्य खरे ठरले असते, पण गप्पा तेथेच संपल्या असत्या, आणि आपले चुकले ही लाज तेवढी त्यांच्यापाशी उरली असती. मी मुलाला खुणावले. त्याने विचारले, "आजोबा, सोलकर कोणाच्या गोलंदाजीवर उभे राहायचे?" पुढचा अर्धा तास बेदी, प्रसन्ना, वेंकटराघवन आणि चंद्रशेखर आमच्या बैठकीत होते.

यात चमत्कार नाही. स्मृतिभ्रंशात बहुधा नव्या आठवणी आधी निसटतात. तारुण्यात मनावर उमटलेले पुष्कळ काळ टिकते. पंधरा ते तीसच्या दरम्यानचा काळ उतारवयात सर्वांनाच अधिक ठळकपणे आठवतो, हे स्मृतीचा अभ्यास करणाऱ्यांनी नोंदवले आहे. अशा गप्पांनी आजार बरा होत नाही, तसे कोणी सांगत असल्यास त्यावर विश्वास ठेवू नये. माणूस प्रसन्न राहतो, संवाद वाढतो. लाभ एवढाच, पण तो लहान नव्हे. मात्र "आठवतं का?" असे विचारू नये. ती परीक्षा होते. संघनिवडीत परीक्षा नसते, कारण तेथे बरोबर उत्तर कोणापाशीच नसते. निवड समितीपाशीही नसते.

बाबांच्या तारुण्याची कसोटी म्हणजे 1971. वेस्ट इंडीजच्या दौऱ्यासाठी कर्णधार निवडायचा होता. पतौडी की वाडेकर, यावर मते सारखी विभागली आणि समितीचे अध्यक्ष विजय मर्चंट यांनी आपले निर्णायक मत अजित वाडेकरांच्या पारड्यात टाकले. वाडेकर तेव्हा घराचे पडदे खरेदी करावयास गेले होते. परतल्यावर दारात उभ्या असलेल्या पत्रकारांकडून त्यांना ही बातमी कळली. मूळचे गोव्याचे दिलीप सरदेसाई संघात असावेत, असा वाडेकरांचा आग्रह होता. सरदेसाईंनी किंग्स्टनच्या पहिल्याच कसोटीत 212 धावा काढल्या. नवखे सुनील गावसकर त्या सामन्यात नव्हते, कारण बोटाला नखुर्डे होऊन पू झाला होता. (घरात मधुमेही असतील, तर बोटाचे नखुर्डे किरकोळ समजू नये, लगेच डॉक्टरांना दाखवावे.) पुढच्या चार कसोटींत गावसकरांनी 774 धावा केल्या आणि भारताने मालिका 1-0 ने जिंकली. भागवत चंद्रशेखर मात्र त्या दौऱ्यावर नेलेच गेले नव्हते. त्याच वर्षी इंग्लंडसाठी त्यांना परत बोलावले, आणि ओव्हलवर 38 धावांत 6 बळी घेऊन त्यांनी विजयाची वाट मोकळी केली. तो विजय गणेश चतुर्थीच्या दिवशी मिळाला. हे सारे बाबांनी एका दमात सांगितले नाही. तुकड्यातुकड्यांनी, मागेपुढे करीत, दोन दिवसांत सांगितले.

दुसऱ्या दिवशी ते पतौडींपाशी येऊन अडखळले. वाडेकर त्यांचे लाडके, पण पतौडींचे त्यांना वाईट वाटत असे. म्हणाले, "काढायचं तर काढा ना बाप्पा. पण माणसाला पेपरात वाचून कळू नये."

मी आणि माझे यजमान, दोघेही गप्प झालो. कारण त्याच आठवड्यात आमचे ठरले होते की, होळीनंतर बाबांना नागपूरला मोठ्या दिरांच्या फ्लॅटवर हलवायचे. डॉक्टर जवळ, लिफ्ट आहे, आळीपाळीने रात्रीचे पाहता येईल. कारणे सारी रास्त होती. दोन भाऊ, दोन सुना आणि एक नणंद यांची समिती फोनवर बसली होती. ज्यांच्याविषयी निर्णय होता, ते शेजारच्या खोलीत जागे होते. त्यांना केव्हा सांगायचे, याचाही विचार आम्ही केला नव्हता. सामान बांधताना कळलेच असते.

विचारावे कसे, हे आम्हाला उमगत नव्हते. डॉक्टरांनी सांगितले ते आपल्याही उपयोगी पडेल. स्मृतिभ्रंशाचे निदान झाले म्हणजे माणसाची निर्णयशक्ती त्या दिवसापासून संपत नाही. एखादा व्यवहार समजत नसला, तरी कोठे राहावे, कोणासोबत राहावे, हे पुष्कळांना दीर्घकाळ सांगता येते. सकाळी, मन ताजे असताना विचारावे. सायंकाळी गोंधळ वाढतो. दूरदर्शन संच बंद असावा. वाक्य लहान, पर्याय दोनच. विचारल्यावर थांबावे. हे थांबणे सर्वांत कठीण. मला तर ओठ मिटून धरावे लागले. तोच प्रश्न दोन-तीन दिवसांनी पुन्हा विचारावा, आणि उत्तर तेच आले तर ते त्यांचे खरे मत समजावे.

बाबांचे उत्तर तिन्ही वेळा एकच आले. उन्हाळा मौद्यात. पावसाळ्यात नागपूर, कारण तेव्हा अंगणात पाय घसरतो. हे कारण आमच्या पाच जणांच्या समितीला सुचले नव्हते. आम्ही तसेच केले. दिरांना हे पटावयास वेळ लागला आणि उन्हाळ्यातील रात्रीची जागरणे माझ्याच वाट्याला आली, हेही लपवीत नाही.

राहिला सामना. घरात वृद्ध असतील, तर कसोटीचे वेळापत्रक मोठे सोयीचे असते, हे आम्हाला तेव्हाच कळले. साडेनऊला खेळ सुरू, साडेअकराला उपाहार, दोन दहाला चहापान. जेवण, औषधे आणि अंगणातील चार फेऱ्या त्या विश्रांतींना बांधून टाकल्या. षटक संपले की उभे राहायचे, असा नियम मुलाने काढला. तो तिसऱ्या षटकात मोडला, पण अर्ध्या तासाने उठणे मात्र टिकले. हृदयविकार असलेल्यांनी अटीतटीच्या सामन्यात विशेष जपावे. 2006 च्या फुटबॉल विश्वचषकात जर्मनीचे सामने असलेल्या दिवशी म्यूनिक परिसरात हृदयविकाराच्या तातडीच्या घटना नेहमीच्या अडीच पटींहून अधिक झाल्या होत्या. छातीत दाब वा धाप वाटल्यास निकालाची वाट पाहू नये.

आमच्याकडे तशी वेळ आली नाही, कारण सामना तिसऱ्या दिवशीच संपला. भारत एक डाव 132 धावांनी जिंकला. भरत आणि सूर्यकुमार यांनी पदार्पण केले, गिल बाहेर बसला, तिसरा फिरकीपटू म्हणून आलेल्या अक्षरने 84 धावा काढल्या. वहीतील अकरापैकी नऊ नावे जुळली. एक न जुळलेले नाव अर्थातच सोलकरांचे. दुसरे उमेश यादवचे. नागपूर जिल्ह्याचा हा गोलंदाज विदर्भातून कसोटी संघात पोहोचलेला पहिला खेळाडू, आणि घरच्या मैदानावर त्याला बाहेर बसावे लागले. खेळ संपल्यावर तासाभराने बाबांना सामना आठवत नव्हता, कोण जिंकले हेही नाही. पण मुलगा वही मिटू लागला, तेव्हा त्यांनी त्याचा हात धरला आणि विचारले, "उमेशला काहून बसवलं?"